आवाज येतो, चित्र नाही

*काका, सा. न. सुदामा नगरात आमचं जुनं घर आहे, हॉल दहा बाय तेराचा. गेल्या महिन्यात ३२ इंची टीव्ही गेला. आवाज येतो, पडदा काळा. दुरुस्तीवाले फोनवरच म्हणाले, ‘पॅनल गेलं, नवीन घ्या.’ आता घरात चार माणसं आणि चार मतं. ह्यांना ५५ इंची फोरके हवाय, हप्त्यांवर. मुलगा म्हणतो क्यूएलईडीच घ्या. बाबांचं (सासरे, वय ७४) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ऐकूही कमी येतं, त्यांना क्रिकेट आणि बातम्या पुरेत. आई संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिका बघतात, त्याही अर्ध्या स्वयंपाकघराच्या दारातून, मटार सोलता सोलता. हातात २५ हजार आहेत, त्यातले पाच माझ्या भिशीचे. एवढ्यात काय बसेल?*
*— एक सून, सुदामा नगर, इंदूर*

ताई,

दुकानाची पायरी चढण्याआधी आज रात्री एक काम करा. हॉलमधले दिवे घालवा, जुना टीव्ही लावा, आवाज येऊ द्या. मग मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरा आणि त्या उजेडाच्या गोलात डोळे बारीक करून बघा. पुसट का होईना, माणसं हलताना दिसली तर तुमचं पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारी पुढची काच, शाबूत आहे. गेली आहे ती मागची लाइट.

मी पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. आधी ट्यूबचे डबे उघडले, मग हे चपटे. फोनवरून पॅनलचं निदान करणं मला काही जमलं नाही. तुमच्या दुरुस्तीवाल्यांना जमलं, त्यांचं कौतुक. ‘आवाज आहे, पडदा काळा’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा लाइटच तपासायची असते. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडीच. पुढच्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. तिच्या मागे पत्र्यावर पट्ट्या चिकटवलेल्या असतात, पट्टीवर मण्यांसारखे एलईडी, आणि ते एकामागे एक जोडलेले. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची, तसंच. एक मणी उडतो, बोर्ड सगळी लाइट बंद करतो, आवाज चालूच राहतो आणि घरातल्या टीव्हीचा रेडिओ होतो.

पॅनल बदलायचं म्हटलं तर खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा, म्हणून ते कुणी करत नाही. पट्ट्या बदलायचा खर्च मात्र त्यापुढे किरकोळ. फक्त दुरुस्तीवाल्यांना दोन गोष्टी सांगा. एक, उडालेला मणी एकटा बदलू नका, सगळ्या पट्ट्या बदला; बाकीचे मणीही तेवढेच जुने आहेत. दुसरी, टीव्ही परत आला की सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. लाइट सदैव पूर्ण जोरात चालली की पट्ट्या लवकर जळतात. माझ्या टेबलावर आलेल्या असल्या सेटांपैकी बहुतेकांची लाइट पहिल्या दिवसापासून शंभरावर असायची. आणि हे काम घरी करून बघू नका. ती काच उचलताना कोपरा जरा वाकला की मग खरोखरच पॅनल जातं.

टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर जुन्याचा नाद सोडा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण जुना सेट उठून बसला तर तुमच्या घरातलं अर्धं भांडण तिथेच मिटतं. तो आईंसाठी स्वयंपाकघराजवळ ठेवता येईल. दुसऱ्या टीव्हीसाठी डिशचा वेगळा बॉक्स लागतो आणि त्याचे महिन्याचे पैसे पडतात, ते धरून चाला. नुसती सह्याद्री पुरणार असेल तर डीडी फ्री डिशला महिन्याचं काही भरावं लागत नाही. पण सात ते दहाचं वेळापत्रक सह्याद्रीवर भागेल असं मला वाटत नाही.

आता नवा.

टीव्हीचा आकार भिंतीवरून ठरवू नका, बसायच्या जागेवरून ठरवा. तेरा फुटांच्या भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या भिंतीला दिवाण असेल, तर मधलं अंतर दहा फूट, आणि बसलेल्या माणसाचे डोळे भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे येतात. म्हणजे उरले आठ फूट. चांगल्या डोळ्यालाही आठ फुटांवरून साधारण पाऊण मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका सुटा दिसत नाही. टीव्हीचं चित्र ठिपक्यांचंच बनलेलं असतं. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि फोरकेचा त्याच्याही निम्मा. म्हणजे तुमच्या दिवाणावरून ४३ इंचावर फुल एचडी आणि फोरके यांतला ठिपक्यांचा फरक कुणालाच दिसणार नाही. बाबांना तर नाहीच, पण मुलालाही नाही. ५५ इंचीत फुल एचडीचा ठिपका ०.६३ मिलिमीटर होतो. तोही त्या मर्यादेच्या आतच.

यजमानांचं सगळंच चूक आहे असंही नाही. आठ फुटांवर ५५ इंच डोळ्याला मोठा होत नाही. त्यांना हवं तर वर्तमानपत्राची पानं चिकटवून १२२ बाय ६९ सेंटिमीटरचा कागद भिंतीवर लावा, शेजारी ९५ बाय ५४ चा लावा. पहिला ५५, दुसरा ४३. दोन दिवस राहू द्या. मी कित्येक घरांत हे करायला लावलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी निम्मे लोक आपणहून लहान कागदावर आलेले असतात. न आले, तरी खरी अडचण पुढेच आहे.

तुमच्या टीव्हीत चित्र येतं कुठून? डिशवरून किंवा केबलवरून. साध्या, म्हणजे एसडी चॅनलच्या चित्रात उभ्या बाजूला ५७६ रेषा असतात. ४३ इंचावर त्यातली एक रेष जवळजवळ एक मिलिमीटर जाड होते, ५५ इंचावर सव्वाच्या आसपास जाते. म्हणजे दिवाणावरून दिसणारी. टीव्ही फोरके असला तरी तो त्या ५७६ रेषाच ताणून दाखवणार. लापशीत कितीही पाणी घाला, तूप वाढत नाही. मोठा टीव्ही आणल्यावर ‘जुन्यावर बरं दिसायचं’ म्हणणारे लोक मी शेकड्यांनी पाहिले. त्यांची काहीच चूक नसते.

त्यावरचा उपाय टीव्हीपेक्षा स्वस्त आहे. सेट टॉप बॉक्सच्या मागे जाऊन वायर बघा. लाल-पिवळी-पांढरी अशी तीन पिनांची असेल तर ती आजच निवृत्त करा. ही वायर एचडी चित्र वाहूच शकत नाही. लोक तीस हजारांचा टीव्ही घेतात, एचडी पॅकचे पैसे भरतात आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचा शेवटचा दीड हात ही तीन रंगांची दोरी ठेवतात. बॉक्स एचडीचा हवा आणि जोडणी एचडीएमआय वायरने. शिवाय आईंचे मराठी चॅनल तपासा. आपल्याकडे इंदुरात तयार पॅक हिंदीचे असतात, मराठी चॅनल त्यात असलंच तर साधं असतं. २०१९ पासून चॅनल सुटे निवडता येतात आणि मोठ्या मराठी वाहिन्यांची एचडी चॅनल वेगळी आहेत. आई जी दोन बघतात तेवढीच एचडीत घ्या, बाकी शंभर राहू द्यात साधे.

पैशाचं बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ आणि त्याखालच्यांवर तो आधीपासून १८ च होता. कर सोडून २० हजारांचा असलेला ४३ इंची पूर्वी २५,६०० ला पडायचा, आता २३,६०० ला. म्हणजे ४३ तुमच्या कवेत आला आहे. ५५ आला आहे का? पंचवीस हजारांच्या आसपास नाव न ऐकलेले ५५ मिळतात, पण त्यात पैसे कुठेतरी वाचवलेले असतात. मागच्या पट्ट्या कमी, मेमरी कमी, आणि कोपऱ्यांतून अंधार. यजमान हप्त्यांचं म्हणतात. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याज सवलतीच्या रूपात वळतं केलेलं असतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. रक्कम फार नसते, पण ‘नो’ही नसते. त्यापेक्षा, रोख दिल्यावर किती कमी करता हे विचारा.

माझं मत ४३ इंची, २२-२३ हजारांपर्यंत. फुल एचडी आणि फोरके यांत दोन-अडीच हजारांचाच फरक असेल तर फोरके घ्या. ठिपके दिसतात म्हणून नव्हे. माझ्या पाहण्यात कंपन्या त्या मॉडेलात प्रोसेसर बरा घालतात. रॅम २ जीबी हवीच. १ जीबीवाला दुकानात हरणासारखा पळतो, दोन वर्षांनी ॲप अपडेट होत होत म्हैस होतो. आणि मुलाला सांगून ठेवा, नेटफ्लिक्सवर फोरके बघायचं तर त्यांचा सगळ्यात महाग प्लॅन आणि १५ एमबीपीएसचं नेट लागतं. फुल एचडीला ५ पुरतं.

त्याच्या क्यूएलईडीचंही दोन वाक्यांत. तोही एलसीडीच, फक्त लाइट आणि काच यांच्यामध्ये क्वांटम डॉटचा एक पापुद्रा असतो, त्याने रंग खुलतात. काळोख जास्त काळा होत नाही आणि उजेडही आपोआप वाढत नाही, म्हणून त्याच किमतीत मिळाला तर घ्या, त्यासाठी तीन हजार जादा देऊ नका. खोक्यावरच्या एचडीआरचंही (जास्त लखलखीत उजेड आणि गडद अंधार दाखवणारं चित्र) तसंच. या किमतीचा टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो, पण दाखवायला जो लखलखाट लागतो तो याच्या लाइटमध्ये नसतो. ओएलईडी वेगळी जात, त्यात ठिपका न् ठिपका स्वतः पेटतो. ती आपल्या गल्लीत नाही.

आता दुकानात. तिथे सगळ्या टीव्हींवर एकच चित्र चालू असतं: मोर, फुलं, मधाचा ओघळ. त्यावर कुठलाही टीव्ही देखणा दिसतो. सांगा की बातम्यांचं चॅनल लावा, आणि तेही साधं, एचडी नको. मग मोड बदलायला सांगा. दुकानात ‘व्हिव्हिड’ असतो, तुम्ही ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा. क्रिकेट चालू असेल तर गवत बघा. २०११ मध्ये आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने २१९ ठोकले, त्या दिवशी माझ्या दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. एकावरचं मैदान पोपटी, दुसऱ्यावरचं गवताच्या रंगाचं. गिऱ्हाइकं सगळी पोपटी टीव्हीसमोर. तोच रंग घरी तीन तास बघितला की डोळे चुरचुरतात, आणि बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तो भडकपणा नकोच. खेळात बॉलच्या मागे शेपटी किंवा कडांना थरथर दिसली तर ‘मोशन’ नावाचं काही चालू असेल, ते बंद करा. खोक्यावर मोशन रेट १२० की २०० लिहिलेला असतो तो कंपनीचा हिशेब. या किमतीतला पॅनल ६० हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा समजा.

मग आईंच्या जागेवर जा. म्हणजे टीव्हीसमोरून हला आणि स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल तेवढ्या तिरक्या कोनात उभ्या राहा. पॅनलच्या दोन मुख्य जाती आहेत. आयपीएस जातीचं तिरकं बघितलं तरी रंग टिकवतं, मात्र अंधारात त्याचा काळा राखाडी दिसतो. व्हीए जातीचं समोरून छान काळं दाखवतं, बाजूने बघाल तर चेहरे फिके पडतात, धुतल्यासारखे. खोक्यावर ही जात बहुधा लिहिलेली नसते आणि काउंटरवरच्या पोराला विचारून उपयोग नाही, तो ‘दोनों बढ़िया है मैडम’ म्हणेल. आपल्या डोळ्यांनी बघायचं. तुमच्या घरात तीन तास बघणारं माणूस तिरकं बसतं, तेव्हा बाकी काही जमलं नाही तरी हे जमायला हवं. जुना ३२ इंची दुरुस्त होऊन आईंकडे गेला, तर या अटीतून तुम्ही सुटलात.

बाबांसाठी आवाज. चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, समोर बघत नाहीत. २० वॉट, २४ वॉट हे आकडे मोठेपणाचे. बोलणं स्वच्छ कळतंय का ते महत्त्वाचं. पुन्हा बातम्यांचंच चॅनल, आवाज मध्यम ठेवून आठ फूट मागे जा आणि शब्द सुटे ऐकू येतात का बघा. टीव्हीला ब्लूटूथ आहे का आणि त्यावर हेडफोन लागतो का, तेही तिथेच आपल्या हेडफोनने तपासा. बाबा हेडफोनवर सामना ऐकतील आणि बाकीचं घर शांत राहील. एचडीएमआयच्या एका भोकावर ‘एआरसी’ लिहिलेलं असावं, म्हणजे पुढेमागे साउंडबार जोडता येईल. आत्ता घेऊ नका.

जेल रोडला जाल तर तिथे तुम्हाला निम्म्या किमतीचे सेटही दाखवतील. ‘भिया, अंदर पैनल तो बड़ी कंपनी का ही है.’ असेलही. पण त्यांतल्या पुष्कळांत परवाना नसलेलं अँड्रॉइड असतं. त्यावर काही ॲप चालतच नाहीत आणि चालली तरी चित्र एसडीतच येतं. मी स्वतः, टीव्हीत मुरलेला माणूस, एकदा असाच बेभाव सेट घरी आणला. कंपनीचं नाव घेत नाही. दीड वर्षात मेन बोर्ड गेला, आणि सर्व्हिस सेंटरच्या पत्त्यावर तोवर रेडिमेड कपड्यांचं दुकान लागलं होतं. बायको अजून विचारते, ‘त्या दुकानातून निदान एक शर्ट तरी आणायचा होता.’ तेव्हा जी कंपनी घ्याल तिचं इंदुरातलं सर्व्हिस सेंटर आधी शोधा, आणि जाऊन पाहून या. वॉरंटी सहसा एक वर्षाची असते. जादा वॉरंटी घ्यायची तर तीत पॅनल आहे का, हे एकच वाक्य कागदावर बघा. काच फुटली तर ती वॉरंटीत धरत नाहीत, मग ती कशानेही फुटो, अगदी मुलाच्या बॉलनेही.

घरी आल्यावर खोकं कंपनीच्या माणसासमोरच उघडा. भिंतीचा ब्रॅकेट आणि तो लावायची मजुरी किमतीत आहे का, हे बिल करतानाच विचारा. बऱ्याचदा ते वेगळं निघतं. लावणारा माणूस टीव्ही देवाच्या फोटोएवढा उंच लावायला निघेल. त्याला थांबवा. दिवाणावर बसल्यावर डोळे साधारण साडेतीन फुटांवर येतात, पडद्याचा मध्य तिथे हवा. म्हणजे ४३ इंचीची खालची कड जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर. समोर खिडकी असेल तर तिचं प्रतिबिंब पडद्यात पडतं आणि बाबांना दुपारचा सामना दिसणार नाही. खिडकीला जाड पडदा लावा किंवा टीव्हीची भिंत बदला. पावसाळ्यात ओल येणारी भिंत असेल तर ती भिंतच नको.

स्टॅबिलायझर विकायचा प्रयत्न होईल. आजच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो, मागच्या लेबलवर बघून घ्या. चांगला स्पाइक गार्ड पुरे. खरा धोका विजांचा. आपल्या माळव्यात पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडायला लागली की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि छत्रीवरून येणारी डिशची वायरही बॉक्सपासून सोडवा. जून-जुलैत माझ्याकडे येणारे बरेच सेट त्या वायरच्या वाटेने गेलेले असायचे, प्लगच्या नव्हे.

पडदा पुसायला कोरडा मऊ कपडा. काच पुसायचा निळा फवारा नको, त्याने वरचा थर जातो.

हिशेब असा बसतो: २२-२३ हजार टीव्हीला, उरलेल्यात एचडीएमआय वायर, स्पाइक गार्ड आणि जमलं तर जुन्याच्या पट्ट्या. भिशीतले हजार-पाचशे तुमच्याकडे राहिले तर यजमानांना सांगू नका.

टॉर्चमध्ये काय दिसलं ते मात्र कळवा. आणि तो दुरुस्तीवाला कोण, तेही. माझ्या हाताखाली शिकलेला असेल तर मला त्याच्याशी बोलायचं आहे.